नाताळातली पुरणपोळी

आमच्या घरी नाताळाला मटण असायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी चर्चला जायचं, येऊन मटण शिजेपर्यंत करंज्या खात बसायचं आणि दुपारी पोटाला तडस लागेस्तोवर जेवायचं. त्या वर्षी मात्र आमच्या सांगलीतल्या दोन खोल्यांत आठवडाभर एकच वाद चालला होता. वडिलांचे थोरले भाऊ नाताळाला जेवायला येणार होते आणि ते माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, नुसतं अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरतील असे. त्यांच्यापुढं सणाचं म्हणून काय वाढायचं?

ऐकायला हे साधं वाटतं. पण काकांनी तोवर आमच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं.

वडील वडूजच्या पलीकडच्या एका गावचे. तरुणपणी छातीच्या दुखण्यानं मिशनच्या दवाखान्यात येऊन पडले, तिथं बरे झाले, तिथंच कंपाउंडर झाले आणि तिथल्याच एका नर्सशी लग्न करून ख्रिस्ती झाले. ती नर्स म्हणजे माझी आई. तिला आईबाप नव्हते, वाईला मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. इकडं गावात भावकीनं वडिलांना टाकलं. काका कधी कोर्टकचेरीच्या कामानं सांगलीला आले तर बाहेर ओट्यावर टेकायचे, ‘आत्ताच प्यालोय’ म्हणून पाण्याचा तांब्या परत करायचे आणि मिळेल त्या एसटीनं निघून जायचे. एवढं पाणी हा माणूस पितो तरी कुठं, असं मी एकदा मोठ्यानं विचारलं आणि आईचा धपाटा खाल्ला. धपाटा मला पटला नाही. मला त्यांचा राग यायचा आणि तो रास्त होता.

राहिली आजी. ती गावातच, काकांजवळ. वडील वर्षातून एक-दोनदा बाजाराच्या दिवशी वडूजच्या स्टँडवर जायचे, तिथं ती पदराखाली शेंगांचं गठुडं घेऊन बसलेली असायची. मायलेक तासभर बाकावर बोलत बसायचे. तेवढीच भेट. सांगलीला चल म्हटलं की ती म्हणायची, ‘दादा तुझ्यात जेवला की मी आलेच बघ. त्याच्या आधी आले तर गावात त्यालाच खाली बघावं लागंल.’ तिनं मला एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून काकांचं जेवण हे नुसतं जेवण नव्हतं. ते जेवले की आजीला आमच्याकडं यायची वाट मोकळी होणार होती, आणि वडील इतकी वर्षं त्या एका घासाची वाट बघत होते.

दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. माधवनगरच्या गिरणीत कामाला असलेला गावचा एक माणूस नाताळाच्या आधी दवाखान्यात आला आणि वडिलांना म्हणाला, ‘दादानं सांगावा धाडलाय. तुमच्या सणाला येतो म्हनलाय. जेवायलाच येतो म्हनलाय.’ एवढं बोलून तो चहाला न थांबता गेला. वडील त्या दिवशी घरी आले ते शीळ घालत. वडील शीळ घालू शकतात हे मला तेव्हा कळलं.

मग वाद सुरू झाला. आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून झालं, त्या दिवशी एकादशी नव्हती. आई म्हणाली, भरली वांगी करू. कृष्णाकाठची वांगी, तिचा मसाला, कुणाचीही बोटं चाटून संपणार नाहीत. वडिलांनी नाक मुरडलं. ‘वांगं काय, रोज करतात. सणाला बोलावून वांग्यावर भागवलं म्हणेल.’ बासुंदी-पुरी? ते हॉटेलात पण मिळतं. श्रीखंड? ऐन थंडीत दही नको, काकांना दम्याचा त्रास. दवाखान्यातल्या मेट्रन गोऱ्या बाई, त्यांच्याही कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं की भाज्या उकडून त्याचा माशाच्या आकाराचा कटलेट करा, त्यांच्याकडं शाकाहारी पाहुण्याला तसंच करतात. आईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील हसून हसून खोकायला लागले. ‘दादा माशाचा डोळा बघूनच उठंल.’ त्या आठवड्यात आमचं घर जितकं हसलं तितकं नंतर बरीच वर्षं हसलं नाही.

शेवटी वडीलच म्हणाले, पुरणपोळी. आमच्या गावाकडं सण म्हणजे पोळी. पोळी असली की माणूस ओळखतो, की हा आपला सण आहे. आईची पंचाईत झाली, कारण तिला पुरणपोळी येत नव्हती. बोर्डिंगात कुणी शिकवली नव्हती आणि सासू तर बघायला मिळाली नव्हती.

भिंतीपलीकडं एक मावशी राहायच्या. नवरा पलटणीत, सासर कडेगावकडचं, तोंडानं फटकळ. त्यांनी आईला हाताखाली घेतलं. आमच्या पाट्या-वरवंट्यावर वर्षानुवर्षं मटणाचं वाटण वाटलेलं, त्यावर माळकऱ्याचं पुरण वाटायचं नाही म्हणून त्यांनी आपला पाटा आणून दिला. तवा नवा, पातेली नवी. ‘कणीक त्यालात बुडवून ठिवा, बाई. हात हलका हवा. हितं काय इंजेक्शन टोचायचं न्हाई.’ आईच्या पहिल्या पोळ्या सगळ्या फाटल्या. त्या मी खाल्ल्या, त्यामुळं माझी काही तक्रार नव्हती. नाताळाच्या आदल्या दिवशी तिची पहिली अख्खी पोळी तव्यावर टम्म फुगली आणि माझी आई, जी ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहून कधी डगमगली नव्हती, ती पदर तोंडाला लावून रडली.

काका सकाळच्या एसटीनं आले. डोक्याला टोपी, त्यावरून कानाला आणि हनुवटीखाली घट्ट गुंडाळलेला मफलर, नुसतं नाक आणि डोळे दिसत होते. माण-खटावकडून पहाटे निघालेली सगळीच माणसं डिसेंबरात अशी दिसतात, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. ते ओट्यावर टेकले नाहीत. सरळ आत आले. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आम्ही तिघंही बघत होतो. काकांनी मफलर जरा खाली ओढला, पाठ फिरवली आणि तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायलं. वडिलांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मला तेव्हा काका आवडले, हे कबूल करते.

दुपारी ताटं मांडली. पोळी, वर तूप, वाटीत गुळवणी, कटाची आमटी, भात, आणि वडिलांचं न ऐकता आईनं केलेली भरली वांगीसुद्धा. मटण नाही. घरात त्या दिवशी मसाल्याचा वास नव्हता, सगळीकडं वेलदोडा आणि तूप. ‘दादा, आमच्यात जेवायच्या आधी प्रार्थना करत्यात,’ वडील जरा चाचरत म्हणाले, आणि त्यांनी आपली टोपी काढून बाजूला ठेवली. आमच्यात पुरुष उघड्या डोक्यानं प्रार्थना करतात. काकांनी ते बघितलं. त्यांना कुणी काढा म्हटलं नव्हतं. पण पाहुण्यानं यजमानाच्या घरची रीत पाळावी, एवढंच त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी मफलर सोडला आणि टोपी काढली.

डोक्यावर केस नव्हते. नुसते खुंट, आणि मागं शेंडी. मिशीही नव्हती. मला वाटलं खरूज झाली असेल. आईला, ती नर्सच, टायफॉइड आठवला. वडिलांनी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ एवढंच म्हटलं होतं, तिथंच ते थांबले.

‘दादा,’ ते म्हणाले, ‘आई?’

आजोबा कधीच गेलेले होते. आईबाप गेल्यावरच मुलगा असा दिसतो, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

काका टोपीकडं बघत म्हणाले, ‘जेवल्यावर सांगणार हुतो.’

‘कवा?’

‘तेरावं झालं गेल्या सोमवारी.’

काकाच बोलत राहिले, खाली मान घालून, भराभर. आजी दोन दिवसांच्या तापानं गेली. वडिलांना कळवायला माणूस निघालाच होता, पण भावकी आडवी आली, तो आला तर आम्ही खांदा देणार नाही म्हणाली. मयत किती वेळ ठेवायचं? ‘मला तिला मसणात न्यायची हुती रं,’ काका म्हणाले. ‘जाताना तीच म्हनली, त्याच्या घरी जाऊन जेव. म्हनून आलो. आधी सांगितलं असतं तर तुझी चूल बंद पडली असती, मग मी काय खाल्लं असतं?’

‘म्हंजे मला पोळी चारून मग आई मेली म्हनून सांगणार हुतास.’

‘तुला एक घास तरी गोड लागावा म्हनून—’

‘माधवनगरवाल्याला ठावं हुतं?’

काकांनी मान आणखी खाली घातली. म्हणजे ठाऊक होतं. गिरणीतल्या गावच्या सगळ्यांना ठाऊक होतं. वडील आठवडाभर शीळ घालत दवाखान्यात फिरत होते आणि औषधाला आलेला गावचा प्रत्येक माणूस ते ऐकून बाटली घेऊन गेला होता. माझं अंग अजून जळतं ते यावर. मेल्याचं दुःख कधीतरी विरतं, पण हसत असलेल्या माणसाकडं इतक्या जणांनी मुकाट बघितलं हे विरत नाही.

एवढ्यात शेजारच्या मावशी पोळ्या कशा झाल्या ते विचारायला म्हणून तुपाची वाटी घेऊन दारात आल्या. काकांचं डोकं बघितलं, वडिलांचं तोंड बघितलं, आणि त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. ‘आवं बाई,’ त्या आईला म्हणाल्या, ‘आदी चूल इझवा. आज ह्या घरात चूल पेटवायची न्हाई.’

‘आमच्यात असलं पाळत नाहीत,’ आई कशीबशी म्हणाली.

‘मेलेली तर तुमच्यातली नव्हती न्हवं?’ असं म्हणून मावशी वळल्या आणि गेल्या.

मयताच्या घरी पहिल्या दिवशी शेजारपाजारचे जेवण आणून देतात, पिठलं आणि भाकरी. त्याला कडू घास म्हणतात. मावशी थोड्या वेळानं झाकलेलं ताट घेऊन आल्या, ते वडिलांच्या पुढं ठेवलं आणि त्यांच्यापुढचं पोळीचं ताट उचलायला वाकल्या. काकांचंही उचलायला त्यांनी हात पुढं केला, तसे वडील म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या ते.’

मग ते उठले. आईनं वाढायला काढलेली तुपाची वाटी उचलली आणि काकांच्या पोळीवर तूप ओतलं. ‘जेव, दादा.’

‘मला घास न्हाई जायचा आता.’

‘का? तुझं तेरावं झालं. गोड जेवण झालं. तुझं सुतक फिटलं. माझा आज पयला दीस हाय.’ वडिलांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ‘जेवायलाच आलायस न्हवं? तिनं सांगितलंय न्हवं? मग जेव. तुझ्यासाठी केलंय ह्यांनी, आठ दिवस खपून.’

पाहुण्याला आग्रह करकरून वाढणं हे आमच्याकडं प्रेमाचं लक्षण. तो आग्रह असाही करता येतो हे मी त्या दिवशी पाहिलं. काकांनी पोळीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून गुळवणीत पडत होतं आणि ते चावत होते. एक पोळी संपली तशी वडिलांनी दुसरी वाढली. तिच्यावर तूप घातलं. काका नको म्हणाले नाहीत. आई दाराला टेकून उभी होती. तिनं एकदा ‘अहो, पुरे’ म्हटलं, पण वडिलांनी तिसरीही वाढली. इतकी वर्षं ज्या जेवणाची वाट बघितली ते आमच्या डोळ्यांदेखत पोटभर चाललं होतं, आणि ते थांबावं म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

तिसरी पोळी संपल्यावर वडील आपल्या ताटापुढं बसले. भाकरीचा चतकोर मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. काका आपल्या रिकाम्या ताटावरून त्यांच्याकडं बघत होते. मग त्यांनी हात पुढं केला, तूप लागलेला, तळवा वर करून, मागणाऱ्यासारखा.

‘मलाबी दे की रं त्यातला एक घास,’ काका म्हणाले. ‘माझीबी आई हुती.’

वडिलांनी भाकरीचं ताट दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्याकडं ओढून घेतलं.

‘तुझी नेऊन जाळलीस तू,’ ते म्हणाले. ‘ही माझी हाय.’