दोघांत एक पुस्तक
लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला, तेव्हा चुकलंमाकलं तर माफ करा. आज नांदेडला बायंडरच्या दुकानावरून जाताना खळीचा वास आला आणि आमची ती अंतराळातली जाडजूड इंग्रजी कादंबरी आठवली. प्रत एकच आणि वाचणारे आम्ही दोघे रूममेट, म्हणून बायंडरकडून मधोमध कापून तिचे दोन भाग बांधून घेतले होते. खोलीच्या खिडकीत ओले पुठ्ठे वाळत होते. पहिला भाग त्यानं भराभर वाचून माझ्याकडे दिला. माझं इंग्रजी अडखळत चालायचं. “लई हळू वाचून राहिलास गड्या, तोवर यानातली माणसं म्हातारी होतील,” तो हसायचा. “शेवट तेवढा सांगू नको,” मी म्हणायचो. “न्हाई रे, शेवटचं प्रकरण दोघं मिळूनच वाचू.” सुट्टीत तो दुसरा भाग घेऊन देगलूरला घरी गेला. माझा भाग वाचून संपला, पण त्याचा फोन लागेना. बऱ्याच दिवसांनी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, “दादा काविळीनं गेला. उशाशी अर्धं पुस्तक हाय, तुमचंच ना? शेवटची पानं त्यानं दोऱ्यानं शिवून ठेवलीत, कशापायी?”