देवकाचा द्रोण

देवका लग्न होऊन आमच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला तिने वरणाचा द्रोण रिकामा केला, उलटा करून उजेडात धरला, मग त्यात पाणी ओतून तो कुठे गळतो ते बघत बसली. पाहुण्या बायका हसल्या. मी सगळ्यात मोठ्याने हसले. ही माझी धाकटी जाऊ. मी सातवी झालेली, तिला सही येत नव्हती. त्या दिवशी मला वाटलं, हिच्याकडून आपल्याला काही भीती नाही.

धाड गावच्या बाजारात मामंजींचं छोटंसं हॉटेल होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. दुपारी गर्दी ओसरली की मामंजी मला पेपर वाचायला सांगत. घरात तो मान माझा होता. हॉटेलचे द्रोण आम्हीच घरी करत असू. तीन पळसाची पानं आणि त्यात तळाशी टोचलेल्या काड्या. रस्सा गळायचाच, म्हणून गिऱ्हाइकाला एकात एक असे दोन द्रोण द्यायचे. एका माणसाच्या भाजीला सहा पानं. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

"तयाले भोक पाडलं का गयनारच ना, बाई," देवका मला म्हणाली. मला ती बाई म्हणायची. "अन् दोन पानात होत असन तं बाकीचे चार काऊन तोडाव?"

ती पानं आदल्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी, म्हणजे ती दुमडताना फाटत नसत. दोन पानं चौकोनी कापून एकावर एक ठेवायची, चारी कोपरे आत मुडपायचे आणि काडी फक्त काठाला, रश्श्याच्या वर, टोचायची. काडीही पानाचाच वाळलेला देठ. तळ सपाट, काठ किंचित बाहेर कललेला. पहिला द्रोण तिने रश्श्याने भरून ओट्यावर ठेवला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. जेवणं झाली, भांडी झाली, तरी ओटा कोरडाच. मामंजी म्हणाले, "वा रे पोरी!" मला सहा वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

पुढे गावाबाहेर बंधाऱ्याचं काम निघालं. मुकादम मामंजींकडे आला. मजुरांना जेवायला थोडाच वेळ मिळे, वाढपातच तो वेळ निघून जाई. प्रत्येकाच्या हातात तयार जेवण पडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. भरलेले द्रोण बैलगाडीतून न्यायचे कसे? मामंजी डोकं खाजवत बसले. देवकाने एक द्रोण भरला, त्याच्या तोंडावर चौघडी करून भाकर ठेवली आणि त्या भाकरीवर दुसरा भरलेला द्रोण ठेवला. त्यावर पुन्हा भाकर. टोपलीत असे तीन थर झाले.

"भाकरच झाकन हाय," ती म्हणाली. "खाऊन टाकाव. फेकाले काईच राह्यत नाई."

काम आम्हाला मिळालं. सकाळपासून घरात नुसतं देवका, देवका. मामंजी दुपारी पेपर बाजूला सारून तिच्याशी टोपल्यांचे आकार बोलत बसायचे. माझे यजमानही एकदा जेवताना म्हणाले, "देवकाचं डोकं चालते बुवा." मी तिच्यासारखा द्रोण करायला बसे, तर कोपरा नेमका तिच्याइतका बसत नसे. ती माझा हात धरून दाखवायला आली की मी उठून जाई.

एका सकाळी टोपल्या भरण्याआधी मी खालच्या थराच्या द्रोणांना शिवणाच्या सुईने टोचलं. दोन्ही पानांतून आरपार. बारा-तेरा असतील.

दुपारी टोपल्या परत आल्या त्या रश्श्याने माखलेल्या. खालच्या थरातल्या मजुरांनी कोरडी भाकर खाल्ली होती. उद्या असं झालं तर दुसरीकडे बघतो, असा मुकादमाचा निरोप होता. मामंजी देवकाला सगळ्यांसमोर बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती, पण तिचं लक्ष हातातल्या गळक्या द्रोणाकडे होतं. मला मनातून बरं वाटलं.

नंतर ती मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसली.

"देठाचं भोक फाटते, बाई. हे गोल हाय. सुईचं हाय." मग म्हणाली, "आपल्या घरात सुई तुमच्याचपाशी हाय."

मी विचारलं, "मामंजींना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? मामंजी तुमाले बोलतीन, तुमी रडसान, मंग सकायी पानं कोन पुसन?"

एवढं बोलून ती द्रोण उलगडू लागली. कापून उरलेले पानांचे तुकडे रोज उकिरड्यावर जात. तिने त्यातला एक उचलला आणि दोन पानांच्या मधे आडवा घालून द्रोण पुन्हा मुडपला. मग माझ्याकडे हात पुढे केला. "सुई आना बरं."

मी आणली. तिने वरच्या पानाला टोचलं, खालच्याला थोडं बाजूला टोचलं, आणि पाणी ओतलं. थेंब आला नाही. ती लहान मुलीसारखी हसली. "पाह्यलं? तुमच्यामुयेच सुचलं."

तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते. माझ्या वाईटपणाचंही तिने काहीतरी चांगलं करून दाखवलं, आणि त्या क्षणी मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.

चार वर्षांनी देवका तापाने गेली. आठ दिवसांत खेळ संपला. मी रडले, खरंच रडले. पण द्रोण करणं थांबवलं नाही. कोपरा हळूहळू बसू लागला. आजूबाजूच्या लग्नांतून मागणी येऊ लागली आणि लोक त्याला माझ्या नावाने 'वच्छलाबाईचा द्रोण' म्हणू लागले. मी कुणाला खरं सांगितलं नाही.

रोहिणखेडच्या एका लग्नात देवकाचा थोरला भाऊ पंगतीला होता. त्याने द्रोण रिकामा केला, हातात घेऊन खालून-वरून पाहिला आणि विचारलं, "हे कोनं केले?" कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. तो माझ्यापाशी आला. डोळे भरलेले.

"माही देवका तुमच्या घरी असेच करे," तो म्हणाला.

मी म्हणाले, "हो ना. मीच शिकवलं होतं तिला."

त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "लय उपकार झाले, बाई," म्हणाला, आणि पंगतीबाहेर आपली चप्पल शोधत निघून गेला. त्याला हाक मारून थांबवायला दहा पावलांचा वेळ होता माझ्याकडे. मी थांबवलं नाही.

आता तोही नाही. म्हणून तुम्हाला सांगते. देवकाला कुणीही शिकवलं नव्हतं. शिकले ती मी, आणि तेही ती गेल्यावर.