एकट्या फुग्याची बंदूक

कर्णपुऱ्याच्या जत्रेत फुग्याची दुकानं मायंदळ, पण करमाडच्या कडूबाईच्या फळीपुढं जशी दाटी व्हायची तशी दुसरीकडं नाय. तिच्या बंदुकीत काय सोनं नव्हतं. नवऱ्यानं कधीकाळी शहागंजातून आणलेली, दुकानातली सगळ्यात स्वस्त छर्‍याची बंदूक. दस्त्याला तडा, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. छर्रा भरायला नळी बिजागरीतून खाली मोडली की म्हातारीच्या गुडघ्यावानी कुरकुरायची. नवरा गेला, बंदूक राह्यली. बाईनं पदर खोचला आन् जत्रा धरली.

एकदा टेम्पोतून उतरवताना ही बंदूक नळीवर आपटली. नळीच्या टोकाला नेम धरायचा दाणा असतो, माशी म्हणतात त्याला, ती डावीकडं कलली. तव्हापासून छर्रा उजवीकडं पळायला लागला. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. गिऱ्हाईक चुकलं की दुकानदाराचाच फायदा. कडूबाई मात्र येईल त्याला आधीच सांगायची, "फुग्यावर धरू नको बाबा. डावीकडं वीतभर सोड, मंग वढ."

तिच्या फळीचीही एक रीत होती. अर्धी फळी फुग्यांनी गच्च, अर्धी रिकामी, आन् त्या रिकाम्यात मधोमध एकच पिवळा फुगा. गच्च फुग्यात आंधळ्याचा बी छर्रा लागतो. एकटा फुगा फोडणं हे खरं. तो फुटला की कडूबाई उठून उभी राह्यची आन् फोडणाऱ्याचं नाव गावासकट असं पुकारायची, की पाळण्यात बसलेल्याला वर ऐकू जावं. बक्षीस एवढंच. पण त्याच्यासाठी माणसं दर वर्षाला यायची.

पोरगा राजेंद्र शेंद्र्याच्या कंपनीत जातो. औंदा जत्रेच्या तोंडावर त्यानं बंदूक शहागंजातल्या मिस्त्रीकडून नीट करून आणली. "माय, आतला चामड्याचा वायसर बदलला, स्प्रिंग नवी टाकली. बघ आता कशी मारती." कडूबाईनं नळी मोडून बघितली. कुरकुर नाय. खुश झाली.

पहिल्या माळेला दिवस कलताना लाडसावंगीचे तात्यासाहेब आले. जुनं गिऱ्हाईक.

"घसा मोकळा करून ठिव, कडूबाई."

"आधी फोडा तर, तात्या. वर्षभर ज्वारीतल्या पाखरावर हात साफ केलाय, का नुस्ताच मिशीवर?"

माणसं हसली. तात्यांनी नेम धरला. टक! छर्रा फळीला लागला. फुगा जागच्या जागी. पुन्हा टक. तिसऱ्यांदा बी तेच.

"बंदूक फिरली तुझी," तात्या म्हणाले.

"बंदूक कशाला फिरंल? चष्मा फिरला असंल."

या बारीला माणसं जरा जास्तच हसली. तात्यांनी बंदूक खाली ठेवली आन् समोरच्या नव्या दुकानाकडं चालू लागले. तिथं दुर्बीण लावलेली चकचकीत बंदूक होती आन् भोंग्यावर गाणी. मागून आलेली जुनी माणसं बी अशीच चुकली आन् तिकडंच गेली. पहिल्या माळेला गर्दी हलली की दसऱ्यापर्यंत परतत नाय, हे जत्रेत सगळ्यालाच ठावं.

कडूबाईनं नळीत फुंकून बघितलं. छर्रे बोटात फिरवून बघितले. मंग फळीजवळ गेली आन् तिला राग कमी, नवलच जास्त वाटलं. चुकलेल्या छर्‍यांच्या ताज्या खुणा फुग्याच्या डावीकडं, वीतभरावर, मधाचं पोळं असावं तशा एकाच जागी. सगळे चुकले ते चुकले, पण सगळे सारखेच कसे चुकले?

"दगडाबाई, जरा ध्यान ठिव," शेजारच्या रेवडीवालीला सांगून ती थेट समोरच्या दुकानात गेली. दुर्बिणीची बंदूक उचलली. काचेत फुगा भोपळ्याएवढा दिसला. घोडा ओढला. छर्रा फुग्याच्या डावीकडं, वीतभर लांब.

दुकानातला पोरगा दात काढायला लागला. "मौसी, फुगा दिख्या नै क्या तुमकू?"

"दिसला की. लई झ्याक दिसला. हातच डावीकडं गेला," कडूबाई म्हणाली, आन् स्वतःच्याच हाताकडं बघत उभी राह्यली. मंग पदर सावरत माघारी पळाली.

आपल्या बंदुकीची माशी तिनं डोळ्यापुढं धरली. देवळाच्या कळसावानी सरळ!

"राजेंद्र, ही कुणी सरळ केली?"

मागं फुगे फुगवत बसलेला राजेंद्र म्हणाला, "मिस्त्रीनं. मी सांगितलं बी नव्हतं. फुकटात केली."

"लई पुण्य कमावलं त्यानं."

"मंग बिघडलं काय? सरळ बंदूक, सरळ मारती."

"बंदूक सरळ मारती रं. माणसं डावीकडं धरत्यात. मीच शिकवलंय."

"मंग सांग की, आता मधोमध धरा म्हून."

कडूबाईला हे बी पटलं. तिनं आधी स्वतःच करून बघितलं. मधोमध धरली, श्वास रोखला, आन् घोडा ओढता ओढता नळी गोठ्याकडं निघालेल्या म्हशीवानी डावीकडं सरकलीच. टक.

"माझाच हात माझं ऐकंना, तर तात्याचा ऐकंल व्हय?"

तिनं दगडाबाईच्या तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन उचललं. राजेंद्र "माय, माय, कामून?" म्हणेस्तोवर माशीवर एक ठोका हाणला. छर्रा मारून बघितला. पार उजवीकडं गेला. उलट्या बाजूनं हलका ठोका दिला. परत मारला. जवळ आला. अजून एक टिचकी. मंग डावीकडं वीतभर सोडून तिनं घोडा ओढला.

फट्!

पुकारणारीनंच फोडला, आता पुकारायचं कुणी? दगडाबाईनं रेवडीचा डबा बाजूला सारला, दोन्ही हात तोंडाशी नेले आन् भोंग्याच्या वर आवाज काढला, "करमाडची कडूबाई! कडूबाई करमाडची!"

समोरच्या दुकानातून तात्यांनी मान वळवली. रिकाम्या जागेत राजेंद्र दुसरा पिवळा फुगा लावत होता. तात्या रस्ता ओलांडून आले.

"आण इकडं. खरं सांग, मघाशी बिघडली व्हती ना?"

"नाय तात्या. नीट झाली व्हती. चष्म्याचं बोलले ते सोडून द्या, माझंच चुकलं."

तात्यांना काही उमगलं नाय, पण दस्ता गालाला लागला होता. नळी सवयीनं डावीकडं सरकली, तशी कडूबाई घसा खाकरून उभी राह्यली.