हरणाबाईची हजेरी

हरणाबाई औंधला शिकायला निघाली तेव्हा बिरोबाच्या वाडीतल्या माणसांची हसून हसून मुरकुंडी वळली. शेहेचाळीस सालचा श्रावण होता. बाई बावीस वर्षांची, जन्म मेंढरांमागे गेलेला, नवरा मुंबईला गिरणीत, पदरात तीन वर्षांची रंगू; आणि ही निघाली कुठे, तर पोरं कशी सांभाळायची ते शिकायला! पोरं काय कुणी शिकून सांभाळतं? असा प्रश्न वाडीतल्या शहाण्यांना पडला. शहाणेच ते, उत्तराची वाट बघत बसले नाहीत.

पण औंधाहून निरोप आला होता. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी गावोगाव बालवाड्या काढायच्या आहेत, गावातली एक लिहिता-वाचता येणारी बाई पाठवा, तीन महिन्यांत तयार करून देतो. माण तालुक्यातल्या त्या वाडीत अशी बाई एकच. दहिवडीला मामाकडे राहून चौथी झालेली हरणाबाई. तिचे सासरे तात्याबा यांनी घोंगडी झटकली आणि अट घातली.

“जा. रंगीला आमी बगतो. पर दिवाळीला पास झाल्याचा कागुद घिऊन आलीस तरच मास्तरीण. न्हाईतर गपगुमान मेंढरामागं घाटाकडं चालायचं. फिरून शाळंचं नाव काडायचं न्हाई.”

“व्हय, मामंजी,” म्हणून तिनं गाठोडं उचललं. म्हाताऱ्याचं मन फिरायच्या आत निघालेलं बरं. रंगूच्या रडण्याचा आवाज मात्र ओढ्यापर्यंत पाठीशी येत राहिला. हरणाबाई एकदाही मागे वळली नाही. वळली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी एका लांबलचक पडवीत वर्ग भरायचा. शिकायला अठरा बायका आणि शिकवायच्या सरावासाठी गावातली बावीस चिल्लीपिल्ली. शिकवणाऱ्या विजयमालाबाई सांगलीच्या. डोळ्यांवर चष्मा, मनगटावर घड्याळ, आणि बोलणं असं की शब्दाला शब्द घासून लखलखीत केलेला. हरणाबाई पहिल्याच दिवशी हरखून गेली. मातीचे बैल करायचे, गुंजा ओवायच्या, गाणी म्हणत नखं कापायची, आणि याला शिक्षण म्हणायचं! मुलाला मारायचं नाही हे ऐकून तर ती उडालीच. दिसेल ते, ऐकेल ते वहीत उतरवताना तिची पेन्सिल महिन्याभरात बोटभर उरली. रंगूला हे दाखवीन, रंगूला ते शिकवीन, एवढंच डोक्यात.

गाडं अडलं ते हजेरीपाशी. विजयमालाबाईंचा नियम होता: मुलं दिवसातून तीनदा मोजायची. आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, घरी जाताना. आणि आकडा हजेरीपत्रकात लिहायचा. हरणाबाईचा रकाना रोज कोरा. ती दारात उभी राहायची, आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, “भरली.”

“भरली म्हणजे किती?” विजयमालाबाई विचारायच्या.

“सगळी.”

“सगळी म्हणजे किती, हरणाबाई?”

“आवं बाई, जित्या जिवाला बोट लावून मोजत्यात व्हय? निजर लागती. आमी मेंढरं वाघरंत घेतो तवा असाच हात लावतो. हाताला कळतं कोण आलं, कोण न्हाई.”

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळ्याचं कुंपण, हे कळल्यावर बाकीच्या सतरा जणी पदर तोंडाला लावून हसल्या. विजयमालाबाईंना काही हसू आलं नाही. “मुलं म्हणजे मेंढरं नव्हेत,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या आठवड्यात परीक्षेचा पाठ आहे. त्या दिवशी रकाना कोरा दिसला तर दाखला मिळणार नाही. माझा तुमच्यावर राग नाही, पण मिळणार नाही.”

बाई बोलल्या ते करणाऱ्यांपैकी होत्या. रंगूपासून तीन महिने लांब राहायचं आणि एका आकड्यापायी मेंढरामागं जायचं? हरणाबाईनं मनाशी ठरवलं, बिरोबाची माफी मागायची आणि मोजायचं.

परीक्षेचा पाठ मात्र असा रंगला की काय सांगावं! मुलांना त्या दिवशी धुतलेली निळी झबली घातली होती. हरणाबाईनं कोकराची गोष्ट सांगितली, सांगता सांगता स्वतःच रांगली, मुलं तिच्यामागे रांगली, सगळ्यांत पुढे चिमुकली चिंगी, आणि विजयमालाबाईंच्या चष्म्याआड चक्क हसू दिसलं. मग पाण्याची सुटी झाली. मुलं रांजणाकडून परत आली, पाठीवर हरणाबाईचा हात घेत घेत आत शिरली आणि चटयांवर बसली.

विजयमालाबाईंनी बोटानं मोजलं. “बावीस. बरोबर आहेत. लिहा, हरणाबाई.”

पेन्सिल रकान्यावर टेकली आणि तिथंच थांबली.

“लिहा ना!”

“बाई, भरली न्हाईत.”

“मी आत्ता मोजली.” त्यांनी पुन्हा मोजली. बावीसच.

हरणाबाईच्या कपाळाला घाम आला. दोन आकडे लिहिले की पास. दिवाळी, रंगू, मास्तरीण, सगळं त्या दोन आकड्यांत होतं. पण तळहात काही ऐकेना. “बाई, एक कमी हाय अन् एक परकं हाय. चिंगी न्हाई यात!”

आणि खरंच नव्हती. तिच्या जागी खाली मान घालून बसली होती सैपाकीण भामाबाईंची नात. वाळत घातलेलं जादा झबलं आजीनं हौसेनं तिच्या अंगात घातलं होतं, आणि नात गोष्टीच्या लोभानं सरळ आत येऊन बसली होती.

पाठ अर्ध्यावर सोडून वर्गाबाहेर जायचं नाही, हाही नियमच. पण हरणाबाईनं हजेरीपत्रक टाकलं आणि कासोटा खोचून धूम ठोकली. चिंगी रोज डोंगराच्या पायऱ्यांकडे टक लावून बघायची, हे तिला ठाऊक होतं. दोन दोन पायऱ्या एकदम! मागून “हरणाबाई! हरणाबाई!” करत विजयमालाबाई, त्यांच्यामागे, मुलांपाशी दोघींना ठेवून, बाकीच्या पंधरा जणी, सगळ्यांत शेवटी लाटणं हातात घेऊन भामाबाई. औंधकरांनी अशी वरात कधी पाहिली नसेल.

पायऱ्यांच्या वळणावर पाण्याचं टाकं होतं. त्याच्या काठावर चिंगी पालथी पडून पाण्यातल्या स्वतःच्या तोंडाला हात लावायला बघत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर.

विजयमालाबाई किंचाळणार तोच हरणाबाईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सांगलीच्या बाईंच्या तोंडावर! मग ती खाली बसली आणि कोकराला बोलावतात तशी जिभेनं हलकेच टकटक करू लागली. चिंगीनं मान वळवली. खुदकन हसली. आणि सकाळच्या गोष्टीतल्यासारखी रांगत रांगत हरणाबाईच्या मांडीवर आली.

हरणाबाईला तेव्हा कुठं रडू फुटलं. विजयमालाबाई एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशाच पायरीवर बसल्या.

“माझा आकडा बरोबर होता,” त्या म्हणाल्या, “आणि मूल नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी दारात ओळीनं उभ्या राहून पाठीवर हात फिरवायला शिकत होत्या, आणि शिकवत होती हरणाबाई. त्यानंतर विजयमालाबाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली. हरणाबाईनं बिरोबाचं नाव घेतलं आणि रकान्यात बावीस लिहिले. दोघींनीही एकमेकींचं थोडं थोडं ऐकलं, असं म्हणायचं.

दाखला घेऊन हरणाबाई घरी आली, दिवाळी झाली आणि बिरोबाच्या वाडीत देवळाच्या ओवरीत बालवाडी सुरू झाली. हसणाऱ्यांचीच पोरं आधी आली. हरणाबाई दारात उभी राहून एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याच दिवशी मेंढरं घाटाकडं निघाली होती. कळप पुढं धाडून तात्याबा मागे थांबले, काखेत रंगूला घेऊन ओवरीपाशी आले. तीन महिने हे पोर त्यांनी छातीशी धरून निजवलं होतं. त्यांनी तिला खाली ठेवलं. रंगू आजोबांचं धोतर सोडीना.

“घे हिला बी,” म्हातारा म्हणाला. “वहीत लिव, काय लिवायचं ते.” मग धोतरावरची तिची मूठ सोडवत म्हणाला, “पर आदी हात लाव, पोरी.”

हरणाबाईनं हात लावला.