मुसळीचा प्लॉट आणि माझ्या पिवळ्या खुंट्या

खुंट्या जागेवर होत्या, मुसळी नव्हती. प्रत्येक पिवळ्या खुंटीच्या बुडाशी वीतभर खड्डा. आरएफओ, म्हणजे आमच्या रेंजचे वनक्षेत्रपाल साहेब, एकेक खड्डा पाहत पुढे चालले होते आणि मी मागून.

कुरखेड्याकडच्या आमच्या सागवनात त्या वर्षी थिनिंग होतं. थिनिंग म्हणजे दाटीतली कमजोर झाडं तोडून बाकीच्यांना जागा करून देणं. त्याच सागाखाली रानातली सफेद मुसळी होती. औषधी मुळांपायी लोकांनी खोदून खोदून ती संपवत आणलेली. उरलीसुरली तोडीत तुडवली जाऊ नये म्हणून साहेबांनी एक प्लॉट मला, वनपालाला, दिला आणि दुसरा वनरक्षक सुनंदा मडावीला. नोकरीत माझी सव्वीस वर्षं, तिची तीन. तरी साहेब सल्ला तिचा घ्यायचे. माझा जळफळाट व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी प्रत्येक रोपाशी रंगवलेली खुंटी ठोकली. तिच्या प्लॉटवर एकही नव्हती. मला आतून बरं वाटलं. 'संरक्षणाची कोणतीही उपाययोजना नाही' असा रिपोर्ट मी लगोलग साहेबांकडे धाडला.

पावसाळा सरला की मुसळीची पानं वाळतात. मुळं जमिनीत राहतात, पण वर काही दिसत नाही, म्हणून खोदणाऱ्यालाही सापडत नाहीत. माझ्या प्लॉटवर सापडली. पत्ता मीच ठोकून ठेवला होता.

साहेबांनी सुनंदाला बोलावून माझा रिपोर्ट वाचून दाखवला. तिने वही काढली. तोडीत न जाणाऱ्या सागांचे नंबर आणि प्रत्येकापासून कुठल्या दिशेला किती पावलांवर मुसळी, एवढंच त्यात होतं. तोडलेलं लाकूड नेणाऱ्या ट्रॅक्टरची वाटही तिने आधीच बाजूने वळवून घेतली होती.

"मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं होतं, साहेब. तुम्ही म्हणले, मले शिकवू नको."

म्हणालो होतो.

पुढच्या पावसाळ्यात तिच्याकडे पानं वर आली, माझ्याकडे नुसतं गवत. साहेबांच्या सांगण्यावरून तिने आपली थोडी रोपं माझ्या प्लॉटवर आणून लावली. चांगली लावली, तेही मला खुपलं. मग ती पावलं मोजत सांगत गेली आणि मी मुकाट्याने लिहून घेतलं.

मुसळी आजही तिथे आहे. नेमकी कुठे, ते सांगणार नाही, एवढं शिकलो. कोणाकडून शिकलो, ते सांगायला मात्र रिटायर व्हावं लागलं.