चौथ्या मजल्यावरचा दुधी

आई गेली त्याला वर्ष होत आलं तेव्हा मी तिची चाकाची खुर्ची एका ओळखीच्या कुटुंबाला देऊन टाकली. गॅलरीतला तो कोपरा एकदम रिकामा झाला. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. सातपूरच्या कारखान्यातल्या ऑफिसातून संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी आले की त्या कोपऱ्याकडे पाहवत नसे. म्हणून तिथे काहीतरी लावायचं ठरवलं.

पहिल्यांदा आंघोळीच्या टबात मेथी पेरली. टबाला भोकं पाडायची असतात हे माहीत नव्हतं. रोज पाणी घालत राहिले आणि आठवड्यात सगळी मेथी कुजली. मग पाण्याचा मोठा जार कापला, खाली भोकं पाडली, नर्सरीतून माती आणि शेणखत आणलं आणि दुधीच्या तीन बिया टोचल्या. एकच उगवली, पण वेल सुतळीवरून ग्रिलवर झपाट्याने चढला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची. काही फुलांमागे बोटाएवढा दुधी दिसायचा, चार दिवसांनी पिवळा पडून गळायचा. असे सात गळाले.

आमच्या गेटबाहेर निफाडकडची एक बाई सकाळी भाजी घेऊन बसायची. तिला विचारलं.

"वर माशा येत्यात का?" ती म्हणाली.

"चौथा मजला आहे, मावशी. कधी दिसल्या नाहीत."

"मंग तुम्हालाच माशी व्हावं लागंल." ती हसली. "ज्या फुलामागं दुधी नाय, ते नराचं. ते खुडायचं, पाकळ्या काढायच्या अन् दुधीवाल्या फुलात आतून फिरवायचं. लय सोपं हाय."

त्या संध्याकाळी पर्सही न ठेवता मी गॅलरीत गेले आणि तिने सांगितलं तसं केलं. चार दिवस गेले, दुधी गळला नाही. आठव्या दिवशी तो वितीएवढा झाला. ऑफिसात कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी मुलांच्या परीक्षांबद्दल बोलत होत्या. मी डबा संपवला आणि उठले.

तोडला तेव्हा तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. एकटीने एवढा कसा खायचा? अर्धा कापून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तरुण जोडपं, तीन वर्षं समोरासमोर राहतोय.

"अय्या, घरचा? पण आम्ही दोघंही दुधी खात नाही हो, काकू. थँक्यू हं!"

दार हळूच बंद झालं. मी तो अर्धा दुधी धरून क्षणभर तशीच उभी राहिले.

सकाळी तो भाजीवालीकडे नेला. भाजी विकणारीलाच भाजी द्यायला जाताना ओशाळल्यासारखं झालं. तिने तो उलटसुलट करून पाहिला, नख लावून बघितलं.

"कवळा हाय. हा इकायचा नाय, घरी नेते." मग तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण?"

"मी एकटीच."

वर्षभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने दुधी आपल्या पिशवीत ठेवला.

"मंग पालक लावा, ताई. पानं खुडली का पुन्हा येत्यात. लागंल तेवढीच घ्यायची."

उरलेला अर्धा दुधी मी तीन दिवस खाल्ला. भाजी केली, थालीपीठ लावलं, शेवटी किसून दह्यात घातला.

पावसाळा सरल्यावर ती यायची बंद झाली. शेजारच्या फळवाल्याने सांगितलं, गावाकडे द्राक्षांच्या छाटणीला गेली. तिचा फोन नंबर मी कधी घेतलाच नव्हता. वेल वाळला, तो सोडवून काढला आणि त्याच जारमध्ये पालक पेरला. आता संध्याकाळी दहाबारा पानं खुडते आणि वरणात टाकते. तेवढं मला पुरतं.