घरचाच एजंट

डोंबिवलीचा तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक आम्ही विकायला काढला तो सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिना उतरायचा तर दोघांनी दोन बाजूंनी धरायला लागायचं, आणि चढताना त्या प्रत्येक मजल्यावर बसून रडायच्या. शेवटी त्यांनी उतरणंच सोडलं. गॅलरीच्या गजांतून खालची भाजीवाली बघत बसायच्या. ठाण्यात कोपरीला आम्ही तळमजल्यावरच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. बाहेर ओटा होता आणि ओट्यासमोर तुळस लावण्याइतकी माती. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पायऱ्या किती?" मी म्हटलं, "एकच." त्यांचा विश्वास बसेना.

गिऱ्हाईक शोधायला मी स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसणारा एजंट गाठला. सफारी सूट, बोटांत अंगठ्या, तोंडात पान.

"दोन टक्के. दोन्ही पार्टीकडून. सगळ्यांचा तोच रेट आहे, मॅडम."

"दोघांकडून घेणार, मग भांडणार कोणासाठी?"

तो हसला. बोंबलाचा वाटा घेताना करावी तशी घासाघीस मी केली. तो दीडवर आला. मी उठले, दुकानाबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा मागून आवाज आला, "सव्वा. आता एक पैसा कमी नाही." माणूस उद्धट होता, पण तोंडावर बोलणारा होता. मला आवडला.

घरी येऊन फुशारकीनं सांगितलं, तर यांचा चेहरा पडला. "अगं, आपला गाववाला हेच काम करतो आणि आपण परक्याला दलाली द्यायची?"

यांच्या रत्नागिरीकडच्या गावी त्याचं आणि आमचं घर लागून. गिरणीची नोकरी सुटल्यावर त्यानं घरांची दलाली धरली होती. रविवारी तो गावचा फणस घेऊन हजर झाला. "वहिनी, तुमच्याकडून दलाली घेऊ? या घरात जेवलोय मी. एक पैसा घेणार नाही."

"घ्या हो भावजी," मी म्हटलं. "सव्वा टक्का ठरवून घ्या. मला बरं वाटेल."

मोबदला ठरलेला असला की माणसाला जाब विचारता येतो, एवढंच माझ्या मनात होतं. पण मी कुणाच्या थोबाडीत मारली असावी, तसे हे माझ्याकडे बघत राहिले. आतून सासूबाई म्हणाल्या, "घरच्या माणसाशी भाव कसला करतेस गं?" माझी आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. आमच्या सासरी त्या भिडेला पाटावर बसवून जेवायला वाढत. मी फणस कापायला घेतला.

गिऱ्हाईक त्यानं लवकर आणलं. किंमतही आमच्या मनासारखी ठरली. तेव्हा निम्मी किंमत कागदावर आणि निम्मी पिशवीतून रोख, असा रिवाजच होता, आणि पिशवी एजंटच्या हातून यायची. कागद झाल्यावर तो तोंड पाडून आला. "पार्टी अडून बसलीय, दादा. रोखीत बरंच सोडा म्हणते. बाजार पडलाय. नाहीतर सौदा फिसकटतो." यांनी सोडलं. वर त्याचेच आभार मानले. कोपरीवाला मात्र काही सोडायला तयार नव्हता. ती जागा गेली. हाती आलेल्या पैशात माजिवड्याला चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट नव्हती, म्हणूनच स्वस्त होती.

चाव्या द्यायच्या दिवशी घर घेणाऱ्या बाई नारळ घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाल्या, "तुम्ही माणसं फार पक्की हो. आम्ही किती विनवलं, पण तुमच्या भावजींनी एक रुपया सोडला नाही. पिशवी भरायला मी माझ्या पाटल्या मोडल्या."

मी आकडा विचारला. त्यांनी सांगितला. आम्ही सोडलेला रुपयान् रुपया त्या बाईंनी भरला होता. तेवढ्यात सव्वा टक्क्याचे पाच एजंट पोसून झाले असते.

रात्री यांना सांगितलं. हे पंख्याकडे बघत म्हणाले, "आपलेच दात, आपलेच ओठ. शिमग्याला पालखी त्याच्या अंगणातून आपल्या अंगणात येते. कोणत्या तोंडानं बोलायचं?"

"मी बोलते."

"आईला कळेल. तिला झेपायचं नाही."

मी बोलले नाही. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो. त्याचा येतो, यांचा येतो आणि त्या पालखीचाही येतो.

माजिवड्याला सामान हलवलं त्या दिवशी तो न बोलावता आला. सासूबाईंना लाकडी खुर्चीत बसवून दोरीनं बांधलं. चौघांनी खुर्ची उचलली, आणि जड पडणारी खालची बाजू त्यानं आपणहून घेतली. चार मजले चढून तो घामानं निथळत उभा राहिला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोटच्या पोरासारखा धावलास रे बाबा. आणि एक पैसा न घेता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघत काय राहिलीस? चहा टाक त्याला."

मी चहा टाकला. साखरही घातली.

ते चार मजले सासूबाई पुन्हा उतरल्या त्या थेट चौघांच्या खांद्यावरूनच. तेव्हाही पुढचा एक खांदा त्याचाच होता.